लिपिड नॅनोपार्टिकलची बॅच काही दिवसांत घट्ट होते, औषध आणि रंग बाहेर पडतो: काय तपासावं आणि कुठल्या क्रमाने

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज, कुठल्याही फार्मसी कॉलेजातून एम.फार्म. किंवा पीएच.डी.चं काम करणारी मुलं येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते. लिपिड नॅनोपार्टिकल म्हणजे औषध पोटात घेतलेले, पाण्यात तरंगणारे चरबीचे अतिसूक्ष्म कण. त्यांची बॅच केली त्या दिवशी उत्तम होती. निळसर झाक असलेलं पातळ दूध, साइज दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, पीडीआय (साइज किती विखुरलेली आहे त्याचा आकडा, कमी तितका बरा) ०.२. आठ-पंधरा दिवसांनी बाटली काढली तर सगळं बिघडलेलं. औषध वेगळं, लिपिड वेगळं, मशीन वेगळं, पण दोष तोच. तो निस्तरता निस्तरता तपासण्यांचा एक क्रम माझ्या हाताला बसला आहे. सोप्या आणि फुकट गोष्टी आधी, महाग आणि वेळखाऊ नंतर. तो क्रम कारणांसकट इथे देतो.

हे सगळं घन लिपिडच्या कणांबद्दल आहे, म्हणजे एसएलएन (सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल) आणि त्यांचीच पुढची पिढी, थोडं द्रव लिपिड मिसळलेले एनएलसी. लिपिड वितळवायचं, सर्फॅक्टंट (कण वेगळे ठेवणारा साबणासारखा पदार्थ) घातलेल्या गरम पाण्यात घालायचं, प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी फोडणारं मशीन) किंवा हाय प्रेशर होमोजिनायझरने बारीक करायचं आणि गार करायचं, या पद्धतीने केलेले. एमआरएनए लसींचे कण वेगळ्या जातीचे असतात. त्यांना हा क्रम लावू नका.

लक्षणं

आपल्या बाटलीत नक्की काय झालंय ते आधी ओळखा. "अनस्टेबल झालं" एवढं म्हणून काही कळत नाही, कारण दिसायला सारख्या वाटणाऱ्या बिघाडांची कारणं वेगवेगळी असतात.

बाटली आडवी केली तरी आतलं वाहत नाही किंवा दह्यासारखं थरथरतं: हे जेल होणं. सिरिंजमध्ये ओढताना अचानक घट्ट झालं तर तेही यातच येतं.

वर पांढरा थर आला, पण हलक्या हाताने उलटसुलट केल्यावर पुन्हा एकजीव झालं: कण नुसते वर आलेत किंवा सैलसर गोळा झालेत. हलवूनही मोडत नसेल तर ते एकमेकांत मिसळलेत.

तळाशी पिवळी, पांढरी किंवा रंगीत भुकटी: बहुतेक वेळा हे औषध असतं. करडी-काळपट भुकटी असेल तर ती प्रोबच्या टोकाची झिजलेली टायटॅनियम धातू.

तेलाचे डोळे तरंगतात: सर्फॅक्टंट कमी पडला किंवा मिसळणं चुकलं.

डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, पण डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून साइज मोजणाऱ्या मशीनवर) साइज दुप्पट आणि पीडीआय ०.४ च्या पुढे: इथे घाई करू नका. साइज खरंच वाढली का, हाच आधीचा प्रश्न आहे.

साइज तीच, पण औषधाचं प्रमाण उतरत चाललंय किंवा बाहेरच्या पाण्याला रंग येतोय: कण शाबूत आहेत, त्यांनी पोटातला माल बाहेर टाकलाय.

आंबूस वास, पीएच खाली, पावसाळ्यात वर बुरशीचा तवंग: हा जंतूंचा प्रश्न आहे. बाटली टाकून द्या, तिच्यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

हे का होतं?

आपल्याकडे म्हशीचं तूप कढवून गार करायला ठेवलं की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. सावकाश गार झालं की रवाळ होतं, पटकन फ्रीजमध्ये टाकलं की मऊ, गुळगुळीत थापतं. तूप म्हणजे ट्रायग्लिसराइडच आणि आपले कणही बहुतेक ग्लिसराइडांचेच. स्फटिक कसे बांधले जातात यावर सगळं ठरतं, तिथेही आणि इथेही.

झटकन गार झालेलं लिपिड अल्फा नावाच्या सैल रचनेत गोठतं. रेणू अस्ताव्यस्त बसलेले असतात, मधे पोकळ्या असतात, त्यात औषध मावतं. पण ही रचना टिकाऊ नाही. पुढे तासांत, दिवसांत किंवा आठवड्यांत ती बीटा-प्राइममधून बीटा रचनेकडे सरकते. ट्रायस्टिअरिनचा अल्फा साधारण ५५ अंशांना वितळतो आणि बीटा ७३ च्या आसपास, यावरून दोन्हींतला फरक किती आहे हे लक्षात येईल. बीटामध्ये रेणू एकाला एक चिकटून शिस्तीत बसतात. मग दोन गोष्टी घडतात. आतल्या औषधाला जागा उरत नाही, ते बाहेर ढकललं जातं. आणि गोल थेंबाचा चपटा पत्रा होतो. तेवढ्याच मालाचा पृष्ठभाग वाढतो, गोल कणाला पुरलेला सर्फॅक्टंट पत्र्याला पुरत नाही, उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि बाटलीभर जाळं तयार होतं. जेल म्हणतो ते हेच.

म्हणजे पहिल्या दिवशीची साइज आणि पहिल्या दिवशीचं एन्ट्रॅपमेंट (किती टक्के औषध कणात अडकलं) हे अजून बदलत असलेल्या लिपिडचं मोजमाप आहे. थिसिसमध्ये त्याच आकड्यावर ऑप्टिमायझेशन केलं जातं आणि अडचण तिथूनच सुरू होते. मी तरी सातव्या दिवसाच्या आधीच्या आकड्यावरून कुठलाही फॉर्म्युला निवडत नाही.

पहिली तपासणी: डोळे, टॉर्च आणि एक स्लाइड

बाटली हलवू नका. अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. कण बारीक असतील तर कडेने निळसर आणि आरपार बघितल्यावर पिवळसर-तांबूस दिसतं. कालवलेल्या चुन्यासारखा ठार पांढरेपणा आला असेल तर मोठे कण वाढलेत. वरून, मधून, तळातून असे तीन थेंब वेगवेगळ्या स्लाइडवर घ्या.

साध्या मायक्रोस्कोपला ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली नॅनोकण दिसत नाहीत, दिसायलाही नकोत. जे दिसतं तोच दोष. पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा मिळवा. एक स्लाइडखाली, एक वर धरा आणि वरची फिरवत जा. एका ठिकाणी सगळं काळं होईल. त्या काळ्यात जे चमकतं ते स्फटिक. करक्युमिनच्या (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या) बिघडलेल्या बॅचमध्ये हे फार स्पष्ट दिसतं: काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी सुया, काही एकट्या, काही केरसुणीसारख्या एका टोकाला जुळलेल्या, आणि त्यांच्या आजूबाजूला चांदीसारखे फिके पापुद्रे. सुया औषधाच्या आणि पापुद्रे लिपिडचे. खात्री करायची तर स्लाइड ७५ अंशांच्या हॉट प्लेटवर क्षणभर ठेवा. लिपिडचे पापुद्रे विझून जातील. करक्युमिन १८० अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे सुया बहुतेक तशाच राहतील.

या एका स्लाइडने निम्मं काम होतं. सुया असतील तर औषध आणि लिपिडचं जमत नाही. नुसते पापुद्रे असतील तर सर्फॅक्टंट आणि गार करण्याची रीत बघा. काहीच नसेल आणि तरी डीएलएस मोठा आकडा दाखवत असेल तर मशीनकडे वळा.

बाटली कुठे कुठे फिरली?

मुलांना हा प्रश्न विचारला की आधी उत्तर येतं, "फ्रीजमध्येच होती, सर." मग हळूहळू कळतं की सॅम्पल दुसऱ्या गावच्या मशीनवर न्यायचं होतं, एस.टी.त बॅग खिडकीशी होती किंवा एप्रिलच्या दुपारी दोन तास स्कूटरच्या डिकीत. डिकीत पन्नास अंश सहज होतात. प्रेसिरॉल किंवा जीएमएससारखं (ग्लिसरिल मोनोस्टिअरेट) लिपिड त्या तापमानाला वितळू लागतं किंवा निदान मऊ पडतं. संध्याकाळी ते पुन्हा सावकाश गोठतं, तेही हिसके खात. उष्णता, उजेड आणि हलवणं या तिन्हींनी जेल व्हायला मदत होते, हे पोलोक्झामर हा सर्फॅक्टंट वापरलेल्या कॉम्प्रिटॉल या लिपिडच्या कणांवर जुन्या कामांमधून स्पष्ट झालेलं आहे.

फ्रीजही तपासा. फ्रीजची मागची भिंत शून्याखाली जाऊ शकते. तिला टेकलेली बाटली गोठते, बर्फ कणांना उरलेल्या पाण्यात दाबून धरतो आणि ते कायमचे चिकटतात. आपल्याकडे वळवाच्या वादळात लाईट गेली की रात्रभर येत नाही, तेव्हाची चढउतारही यात धरा. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो मधल्या कप्प्यात ठेवा आणि बाटल्या मधे, फॉइल गुंडाळून. सॅम्पल नेताना लसीचा डबा वापरा, पण आइस पॅक थेट बाटलीला लावू नका, मधे कापड घाला.

बॅचचे निम्मे व्हायल २५ अंशांना आणि निम्मे ४ अंशांना ठेवा. दोन्हींचा बिघाड वेगळा असेल तर कारण साठवणीत किंवा स्फटिकीकरणात आहे. दोन्ही सारखेच बिघडले तर ते पाण्यात, सर्फॅक्टंटमध्ये किंवा औषधात शोधा.

पाणी आणि डब्यावरचं लेबल

आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, हे सांगावं लागतं. उन्हाळ्यात कॉलेजला टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, डिस्टिलेशनच्या भांड्यात खार साठतो आणि त्या आठवड्याच्या सगळ्या बॅच एकदम खराब होतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं पेन बुडवून बघा, आकडा शून्याच्या आसपासच हवा. कारण असं: लिपिडमध्ये मोकळं स्टिअरिक आम्ल असेल तर पाण्यातलं कॅल्शियम त्याच्याशी न विरघळणारा साबण बनवतं आणि कणांवरचा ऋण भार मारून टाकतं.

दुसरं, जीएमएसचा डबा. बाजारात साधा जीएमएस आणि "सेल्फ इमल्सिफाइंग" जीएमएस असे दोन मिळतात. दुसऱ्यात साबण आधीच मिसळलेला असतो. लॅबमध्ये दोन्ही डबे शेजारी असतात आणि वहीत फक्त "जीएमएस" लिहिलेलं असतं. साबणवाल्याने बॅच सुरेख होते, पण आम्ल पीएचला किंवा क्षार घातल्यावर लगेच फाटते. लेबलवरचा ग्रेड आणि लॉट नंबर वहीत उतरवून घ्या. साधा जीएमएससुद्धा शुद्ध एकच पदार्थ नसतो, मोनो, डाय आणि ट्राय यांचं मिश्रण असतो. पुरवठादार बदलला की त्यांचं प्रमाण बदलतं.

ट्वीन ८० या सर्फॅक्टंटची बाटली कधी उघडली तेही बघा. जुन्या ट्वीनमध्ये पेरॉक्साइड साठतात आणि औषध ऑक्सिडाइज होतं. "औषध बाहेर पडलं" असं वाटतं, प्रत्यक्षात ते आतच नासलेलं असतं. करक्युमिनचं आणखी एक: पीएच सातच्या वर गेला की ते झपाट्याने मोडतं. पिवळ्याचा तांबूसपणा आला तर आधी पीएचची पट्टी लावा.

साइज खरंच वाढलीय का?

डीएलएसवर बिघाड दिसणारी बरीच सॅम्पल बिघडलेली नसतात. हे मशीन विखुरलेल्या प्रकाशावर चालतं आणि बारीक कणांचा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण ५० नॅनोमीटरच्या ६४ कणांएवढा दिसतो. धुळीचे चार कण आले तर सरासरी बिघडलीच. विरळ करायचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या, क्युव्हेट त्याच पाण्याने धुवा, आणि नुसत्या पाण्याचं एक रीडिंग आधी घ्या. सॅम्पल मात्र गाळू नका, नाहीतर जो दोष शोधताय तोच फिल्टरवर राहील.

तीन वेगवेगळ्या विरळपणाला मोजा. आकडा जवळपास तोच आला तर विश्वास ठेवा. विरळ केल्यावर साइज बदलत गेली तर एक तर मूळ सॅम्पल फार दाट होतं किंवा पाण्याने कणांवरचा सर्फॅक्टंट सुटतोय. तापमानही महत्त्वाचं. २५ अंशांवर पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.८९ मिलिपास्कल-सेकंद धरलेली असते आणि ती दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी बदलते. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीतून आणलेलं सॅम्पल सेलमध्ये टाकून लगेच बटण दाबू नका, त्याला स्थिर होऊ द्या.

रंग भरलेल्या कणांसाठी खास सूचना. बऱ्याच मशीनांमध्ये ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर असतो. डीआयडी किंवा मिथिलीन ब्लूसारखे रंग त्याच भागातला प्रकाश शोषतात, काही उलट चमकतात. सिग्नल पडतो, पीडीआय वाढतो. करक्युमिन ४२५ च्या आसपास शोषतं, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. शंका आली की रंग न घातलेली जोडीची बॅच करून शेजारी मोजा.

औषध लिपिडमध्ये विरघळतं का, तेही गार झाल्यावर?

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि खरं तर ती कामाच्या पहिल्या दिवशीच व्हायला हवी. वितळलेल्या लिपिडमध्ये औषध विरघळलं, पारदर्शक झालं, म्हणून मुलं समाधानी होतात. पण कण घन झाल्यावर औषधाला घन लिपिडमध्ये राहायचं आहे. तो वितळलेला थेंब स्लाइडवर घ्या, कव्हर स्लिप ठेवा, गार होऊ द्या आणि गॉगलच्या काचांखाली बघा. मग तीच स्लाइड दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने बघा. औषध २, ५ आणि १० टक्के असं तीन प्रमाणात घ्या. ज्या प्रमाणाला आठवड्यानेही सुया येत नाहीत तीच तुमची मर्यादा, होमोजिनायझर कितीही चांगला असला तरी.

याच ठिकाणी एन्ट्रॅपमेंटचा एक फसवा आकडा तयार होतो. पाण्यात जवळजवळ न विरघळणारं औषध कणात शिरलं नाही तर पाण्यात विरघळलेलं सापडत नाही, ते स्फटिक होऊन पडतं. अल्ट्राफिल्टरच्या नळीत ते स्फटिक कणांसोबत वरच अडकतात. खाली आलेल्या पाण्यात औषध नाही, म्हणून हिशोब ९८ टक्के येतो. तळाला सुया आणि कागदावर ९८ टक्के, अशा बॅच मी बघितल्यात आणि त्या मुलांची दिशाभूल बघून वाईट वाटतं, कारण मेहनत प्रामाणिक असते. उपाय सोपा आहे. आधी कमी वेगाने सेंट्रिफ्यूज करून किंवा १ मायक्रॉनमधून गाळून स्फटिक काढा, उरलेल्या दुधात औषध किती ते मोजा आणि मग मोकळ्या औषधाचा हिशोब करा.

करतानाचं तापमान

दोन्ही भाग, लिपिड आणि पाणी, लिपिडच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा ५ ते १० अंश वर हवेत. कॉम्प्रिटॉल ७० च्या आसपास वितळतं, म्हणजे पाणीही ८० च्या जवळ हवं. प्रत्यक्षात लिपिड ८० ला असतं आणि पाण्याची हॉट प्लेट ८० दाखवत असते, पण बीकरमधलं पाणी ६६ ला. हॉट प्लेटचा आकडा प्लेटचा असतो. थर्मामीटर पाण्यात बुडवा. थंड पाण्यात पडलेलं लिपिड बारीक होण्याआधीच गोठतं, ते मोठे तुकडे नंतर फुटत नाहीत आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. प्रोबचं टोकही आधी गरम पाण्यात धरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून बीकरच्या मापाचा अॅल्युमिनियमचा ठोकळा लेथवर टर्न करून घेतलात तर हॉट प्लेटवर तापमान कितीतरी स्थिर राहतं. हा खर्च सगळ्यात आधी करा असं मी सांगेन.

होमोजिनायझरमध्ये ५०० बारला माल साधारण १० अंशांनी तापतो. ५०० ते १५०० बार आणि तीन ते पाच फेऱ्या बहुतेक ठिकाणी पुरतात. जास्त फेऱ्या मारल्या की साइज कमी होण्याऐवजी वाढू लागते, कारण अति ऊर्जेने थेंब एकमेकांवर आदळून जुळतात. दर फेरीनंतर थोडं सॅम्पल काढून ठेवा, म्हणजे कुठे थांबायचं ते दिसेल.

आता गार करणं. बारीक थेंबातलं लिपिड मोठ्या भांड्यातल्या लिपिडच्या तापमानाला गोठत नाही. प्रत्येक थेंबात स्फटिकाची सुरुवात वेगळी व्हावी लागते, म्हणून ते वितळण्याच्या तापमानापेक्षा वीस अंशांहूनही खाली जाईपर्यंत द्रवच राहू शकतं. ट्रायमायरिस्टिन ५५-५६ अंशांना वितळतं, पण त्याचे नॅनोकण खोलीच्या तापमानाला महिनोन्महिने द्रव राहू शकतात. तो एसएलएन नसतोच, ते इमल्शन असतं. आता कोल्हापूरची लॅब बघा: मे महिन्यात दुपारी खोली ३५ अंशांची, जुलैच्या झडीत २२ ची. "खोलीच्या तापमानाला गार केलं" एवढंच वहीत असेल तर दोन्ही बॅच वेगळ्या वस्तू आहेत. उन्हाळ्यातल्या बॅचचे कण बाटलीत द्रव राहतात आणि फ्रीजमध्ये गेल्यावर तिथे गोठतात, कुणाचं लक्ष नसताना. पुन्हा पुन्हा येणाऱ्या या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे असं माझं ठाम मत झालंय.

म्हणून गार करण्याचं तापमान, वेळ आणि ढवळण्याचा वेग ठरवून घ्या आणि वर्षभर तोच ठेवा. थंड पाण्याच्या बाथमध्ये, हलकं ढवळत, थर्मामीटर लावून. बर्फात टाकायचं की सावकाश न्यायचं, हे दोन व्हायल करून पंधरा दिवस ठेवल्यावर तुमचं लिपिडच सांगेल.

खाऱ्या पाण्याची चाचणी

चार टेस्ट ट्यूब घ्या: डिस्टिल्ड पाणी, ०.९ टक्के मीठ, पीबीएस (शरीरासारखे क्षार असलेलं बफर) आणि पीएच १.२ चं आम्ल. प्रत्येकीत नऊ भाग द्रव, एक भाग बॅच. लगेच, तासाने आणि दुसऱ्या दिवशी बघा.

नुसत्या भारावर उभे असलेले कण पीबीएसमध्ये काही मिनिटांत गोळा होतात. कारण क्षार वाढले की भाराचा पल्ला आखडतो. १ मिलिमोलर क्षारात तो १० नॅनोमीटरच्या आसपास असतो, शरीराच्या क्षारात जेमतेम ०.८. म्हणून पाण्यात उणे ३५ मिलिव्होल्ट झेटा (कणावरच्या भाराचं माप) आला म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि पोलोक्झामर भरपूर असलेल्या बॅचला उणे १५ आला म्हणून घाबरू नका, तिथे कणांना लांब ठेवण्याचं काम पोलोक्झामरच्या साखळ्या करतात. झेटा अधिक किंवा उणे ३० च्या पुढे हवा, हा नियम आंधळेपणाने लावू नये. या चार ट्यूब झेटाच्या मशीनपेक्षा जास्त उपयोगी माहिती देतात.

सर्फॅक्टंट

इथे प्रमाणापेक्षा जोडी महत्त्वाची. लेसिथिन एकटं वापरलं की जेल होण्याची तक्रार हमखास. लेसिथिनचे जादा रेणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत, आपले लिपोसोम (पोकळ बारीक पिशव्या) करून बसतात. थेंबाचा पत्रा होताना नवा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथे ते वेळेवर पोचत नाहीत. सोडियम कोलेट, ट्वीन ८० किंवा पोलोक्झामर १८८ यांपैकी पाण्यात चटकन फिरणारा एखादा सोबत हवा. लिपिड ५ टक्के असेल तर एकूण सर्फॅक्टंट १ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान चढवत बघा, एका वेळी एकच बदल. फार वाढवला तर उरलेल्याचे मायसेल (रेणूंचे बारीक झुबके) होतात आणि औषध किंवा रंग कणात न जाता त्यांच्यात जाऊन बसतो.

लिपिड १० टक्क्यांच्या वर नेऊन जेल होत असेल तर सरळ खाली आणा.

रंगाचं वेगळं प्रकरण

कण पेशीत गेले का हे बघायला रंग भरतात. रंगच सुटला तर मायक्रोस्कोपमध्ये पेशी चमकतात आणि कण मात्र बाहेर असतात. कुमारिन-६ याबाबतीत बदनाम आहे. तो कणातून थेट पेशीच्या पडद्यात सरकू शकतो. दोन लांब शेपट्या असलेले डीआयआय, डीआयओ हे रंग जास्त घट्ट धरून राहतात. मिथिलीन ब्लू धनभारित आणि पाण्यात विरघळणारा आहे, तो घन लिपिडमध्ये टिकत नाही. कणाच्या बाहेर चिकटतो आणि ऋण भार खाऊन कणच गोळा करतो. इंडोसायनिन ग्रीन पाण्यात आणि उजेडात मोडतं, त्याची फिकट झालेली बॅच म्हणजे गळती असं धरू नका.

गळती तपासताना डायलिसिसच्या पिशवीबाहेर नुसतं पाणी ठेवू नका. पाण्यात न विरघळणारा रंग पाण्यात जाणारच नाही, मग गळती शून्य दिसते. बाहेर अल्ब्युमिन किंवा थोडा ट्वीन असलेलं द्रव घ्या, म्हणजे सुटलेल्या रंगाला जायला जागा मिळते. नाइल रेड पाण्यात जवळजवळ विझतो आणि तेलकट जागेत चमकतो. त्यामुळे साइज तीच असून चमक घटत असेल तर रंग लिपिडमधून पृष्ठभागाकडे सरकतोय, असं बहुधा समजावं.

सगळं ठीक, तरी बिघडतं

आता फॉर्म्युल्याला हात लावा. घन लिपिडचा १० ते ३० टक्के भाग काढून तिथे मिग्लिऑल ८१२ किंवा ओलेइक आम्लासारखं द्रव लिपिड घाला, म्हणजे एनएलसी. द्रवामुळे स्फटिकांची शिस्त मोडते, औषधाला जागा राहते. स्लाइडची चाचणी या मिश्रणावर पुन्हा करा. गाळण कागदावर थेंब गोठवून दाबून बघा, तेलाचा डाग पसरला तर द्रव जास्त झालंय. एकच शुद्ध ट्रायग्लिसराइड वापरत असाल तर कॉम्प्रिटॉलसारख्या मिश्र ग्लिसराइडवर जा. शुद्ध लिपिड फार सुबक स्फटिक करतं आणि तेच आपल्याला नकोय.

इथून पुढे डीएससी, म्हणजे सॅम्पल तापवत नेऊन त्याचं वितळणं मोजणारं मशीन. ताजी बॅच, पंधरा दिवसांची आणि महिन्याची, तिन्हींचे वितळण्याचे शिखर एकावर एक ठेवून बघा. शिखर वरच्या तापमानाकडे सरकत असेल तर रचना अजून बदलतेय. वाळवलेली पावडर देऊ नका, वाळवतानाच रचना बदलते. पातळ बॅच तशीच द्या आणि तुलनेला कच्चं लिपिड.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

होमोजिनायझरचा दाब वरखाली होतोय, आवाज बदललाय किंवा सीलमधून थेंब येतोय: मशीन बंद करा आणि कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा. उद्यमनगरात काय हवं ते करून मिळतं, हा आपला अभिमान खरा आहे. पण १००० बारवर चालणारा व्हॉल्व्ह अंदाजाने घासून घेऊ नये, तो भाग उडाला तर माणूस जातो. सोनिकेटरच्या टोकाला खड्डे पडलेत तर टोक बदला, कन्व्हर्टर उघडू नका, आत जास्त व्होल्टेज असतं. डीएलएसच्या लेसरचं झाकण तर कधीच नाही.

तापमान, पाणी, स्लाइड आणि सर्फॅक्टंट तपासून, द्रव लिपिड घालूनही बॅच त्याच दिवशी, त्याच पद्धतीने बिघडत असेल तर आणखी बॅच करत बसू नका. आता एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना बघणं) आणि क्रायो-टेम (गोठवलेलं सॅम्पल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं) लागेल, आणि ती चित्रं वाचणारा माणूस लागेल. शिवाजी विद्यापीठातल्या सैफसारख्या उपकरण केंद्रात आधी भेटून विचारा, कुठली तपासणी तिथे होते आणि कुठली बाहेर पाठवावी लागेल.

शिरेतून द्यायचं काही करायचं असेल तर निर्जंतुकीकरण आणि एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) हे कॉलेजच्या बाकावर सुटणारे प्रश्न नाहीत. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये लिपिड पुन्हा वितळतं आणि पोलोक्झामरवाले कण बहुतेक वेळा एकमेकांत मिसळतात. प्राण्यांवरच्या प्रयोगाआधी नैतिक समितीची मंजुरी, आणि माणसावर, स्वतःच्या त्वचेवरसुद्धा, काहीही लावून बघायचं नाही.

तज्ज्ञाकडे जाताना बाटलीसोबत हे घेऊन जा: लिपिडचा ग्रेड आणि लॉट, सर्फॅक्टंटची उघडल्याची तारीख, पाण्याचा टीडीएस, दोन्ही भागांचं थर्मामीटरने मोजलेलं तापमान, गार करण्याचं तापमान आणि वेळ, पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवसाची साइज, स्लाइडचे फोटो, आणि औषध न घातलेल्या जोडीच्या बॅचचं सॅम्पल. यातलं शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि तज्ज्ञ पहिल्यांदा तेच मागतात.